चावडी आहे, दवंडी नाही

मराठीसाठी विनामोबदला काम करायला माणसं मिळत नाहीत, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की शिक्षकांच्या खोलीतली एक कायमची तक्रार आठवते. "वर्गात कुणी हातच वर करत नाही हो!" अहो, पण तुम्ही विचारलं काय होतं? "कुणाला काही शंका?" असं विचारल्यावर कुठल्याही वर्गात हात वर होत नाही. "तिसऱ्या ओळीत हे पाच कुठून आले, कोण सांगेल?" असं विचारा, मागच्या बाकावरचा सुद्धा खाकरायला लागतो.

विषय आहे ओपन सोर्स, म्हणजे मुक्त स्रोत कामांचा. सोलापूरच्या आक्कांसाठी थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आक्का, फायरफॉक्स नावाचा एक ब्राउझर आहे. त्याची आतली रचना उघडी ठेवलेली आहे. ज्याला समजते त्यानं वाचावी, चूक सापडली तर दुरुस्ती सुचवावी. त्यात 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' असं मराठी दिसतं, ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा त्या कुणीतरीला त्याचा एक पैसाही मिळालेला नसतो. मजकुराच्या बाबतीत तोच प्रकार विकिपीडियाचा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचं धाकटं भावंड म्हणजे विकिस्रोत. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की आपल्या कायद्यानं त्याच्या पुस्तकांवरचा हक्क संपतो आणि ती पुस्तकं सगळ्यांची होतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं मोकळी झाली. अशी जुनी पुस्तकं विकिस्रोतावर ठेवतात.

ठेवतात म्हणजे नुसते फोटो ठेवत नाहीत. पानाचा फोटो एका बाजूला आणि यंत्रानं तो वाचून काढलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. यंत्र बरंच बरोबर वाचतं, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढं त्याची दमछाक होते. 'घ'चा 'ध' करतं, 'भ'चा 'म' करतं. जुना 'ख' तर 'रव' असाच दिसायचा, तिथं ते बिचारं काय करणार! मग माणसानं बसून फोटो बघत बघत मजकूर नीट करायचा.

यात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट रंगांची. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सगळ्या पानांचे आकडे मांडलेले असतात आणि प्रत्येक आकड्यामागं एक रंग. लाल म्हणजे कुणी तपासलेलं नाही. पिवळा म्हणजे एकानं तपासलं. हिरवा म्हणजे दुसऱ्यानं पुन्हा तपासून पक्कं केलं. पान कोरं असेल तर करडा, काही अडचण असेल तर त्याचा आणखी वेगळा रंग. आणि ज्यानं पिवळा केला त्याला हिरवा करता येत नाही, यंत्रच करू देत नाही. दुसरं माणूस लागतंच. (आमच्या खंडोबाची मूर्ती अणदूरहून नळदुर्गला जाते तेव्हा दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या कामालासुद्धा दुसऱ्या बाजूची सही लागते, तिथं शुद्धलेखनाला का लागू नये?) पस्तीस वर्षं मी लाल शाईनं वह्या तपासल्या, पण कुठली वही तपासायची राहिलीय हे साऱ्या गावाला दिसेल अशी सोय आमच्याकडं कधी नव्हती. बरं होतं म्हणा.

म्हणजे काम दिसतंय की! मग हे गुरुजी कुरकुरतायत कशाबद्दल?

काम दिसतं, पण आत आलेल्याला दिसतं. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला 'चावडी' असं फार सुंदर नाव दिलेलं आहे. ज्यानं दिलं त्याला माझा नमस्कार. पण आम्ही खेड्यात वाढलेली माणसं. चावडीवर काय ठरलं हे गावाला चावडीमुळं कळत नसे, ते दवंडीमुळं कळत असे. चावडीवर पाटील, तलाठी आणि चार रिकामी माणसं. बाकी गाव रानात. संध्याकाळी गुरं घेऊन माणसं परतली की हलगी वाजायची आणि प्रत्येक आळीच्या तोंडाला उभं राहून सांगितलं जायचं. काय सांगितलं जायचं तेही बघा. "गावावर प्रेम करा, गावाच्या विकासाला हातभार लावा" अशी दवंडी मी जन्मात ऐकली नाही. उद्या सकाळी लस टोचायला डॉक्टर येणार, पोरांना घेऊन शाळेत या. परवा बाजारतळावर रेशनची साखर मिळणार, पिशवी आणा. दिवस, जागा आणि हातात काय घेऊन यायचं, एवढं सांगितलं की पुढची आळी.

आता आपली मराठी संगणकाची मंडळी काय सांगतात? "मायमराठीच्या सेवेसाठी पुढे या." "ज्ञानयज्ञात सहभागी व्हा." ज्ञानयज्ञ म्हटलं की माझ्यासारखा माणूस हात जोडतो आणि घरी जातो. यज्ञात आपलं काय काम, तिथं जाणकार बसलेले असणार. त्याऐवजी कुणी म्हणालं, "गुरुजी, हे एक पान आहे, सव्वीस ओळी, चाळिशी लावून अर्धा तास लागेल, यातला ध आणि घ तेवढा बघता का?" तर मी चहा बाजूला ठेवून बघेन.

पुण्याची माझी नात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं सांगितलेली एक पद्धत माझ्या डोक्यात बसून राहिली आहे. मुक्त प्रकल्पांत शिल्लक कामांची यादी उघड्यावर असते आणि त्यातल्या काही कामांवर चिठ्ठी लावतात : 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्यानं घ्यावं असं काम. मी म्हटलं, ठीक आहे, सोपी कामं वेगळी काढली. तर ती म्हणाली, "तसं नाही आबा, जुना माणूस ते काम पाच मिनिटांत उरकू शकतो. पण तो मुद्दाम ठेवून देतो. आणि वर ते कसं करायचं हे लिहायला तासभर घालवतो."

मंडळी, हे शिक्षकाला पटकन कळतं. फळ्यावर दहा गणितं लिहायची, नऊ आपण सोडवून दाखवायची आणि एक शिल्लक ठेवायचं. ते कच्च्या पोराला जमेल असंच असावं लागतं. हुशार पोरगं टुणकन उठून ते सोडवायला बघतं, त्याला बस म्हणावं लागतं. हुशार पोराला बस म्हणणं हे वर्गातलं सगळ्यांत अवघड काम आहे, आणि मला वाटतं प्रकल्पांतसुद्धा तेच असावं.

फायरफॉक्सच्या भाषांतरासाठी 'पोंटून' नावाची जागा आहे, तिच्यात प्रत्येक भाषेचं किती झालं आणि किती राहिलं याची पट्टी दिसते, आणि राहिलेलं एकेक वाक्य सुटं समोर येतं. कामाचा तुकडा म्हणजे एक वाक्य. त्याच मोझिला संस्थेनं २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' सुरू केलं. समोर वाक्य येतं, आपण ते मोठ्यानं वाचायचं, दुसरी माणसं ते ऐकून बरोबर की चूक सांगतात. त्यात मराठी आहे. टायपिंग येत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय, अशा माणसालासुद्धा हे जमतं. आणि यंत्रांना मराठी ऐकायला शिकवायचं तर ती काय फक्त सदाशिव पेठेतली शिकवायची? "काय करायलाव" म्हणणाऱ्या आमच्या माणसांचे आवाज त्यात नकोत का? पण आमच्या गावात विचारलं तर ही गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती. आवाज सगळ्यांना आहे हो, ऐकायला कुणी बसलंय हे माहीत नाही.

काम न दिसल्यामुळं काय होतं हे या भागानं एकदा फार वाईट रीतीनं पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. भूकंपानंतर आम्ही काही शिक्षक सास्तूरच्या बाजूला गेलो होतो. मदतीला माणसं कमी नव्हती. कुठून कुठून आली होती. धडधाकट पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून येईल त्याला विचारत होती, "काय करू सांगा." आणि ज्यांना सांगता आलं असतं ते कामात बुडालेले, त्यांना मान वर करायला फुरसत नाही. एका छावणीवर एका वयस्कर कारकुनानं शाळेचा फळा आणून झाडाला टेकवला आणि खडूनं लिहिलं : पाणी भरायला ६ माणसं. तंबूचे खुंट ठोकायला ४. जखमींची पत्रं लिहून द्यायला २, अक्षर चांगलं हवं. एखादं काम झालं की तो ते पुसायचा आणि नवं लिहायचा. त्या फळ्यापुढं थांबलेली पोरं पाच मिनिटांत कामाला लागलेली मी पाहिली. मी स्वतः दोन दिवस पत्रं लिहीत होतो. 'अक्षर चांगलं हवं' हे वाचलं नसतं तर मीही रस्त्याच्या कडेलाच उभा असतो. त्या दिवसांची आणि पुस्तकं तपासण्याची तुलना करू नये हे मला कळतं. फळा मात्र आठवतो.

इंग्रजांनी हे फार आधी ओळखलं होतं. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश पगारी माणसांइतकाच लोकांच्या चिठ्ठ्यांवर उभा राहिला. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले आणि त्यांनी लोकांना एक आवाहन छापून वाटलं. त्यात हजार वाचक हवेत, तीन वर्षांसाठी हवेत, असा आकडा होता. कुठली पुस्तकं अजून कुणी वाचलेली नाहीत त्यांची यादी होती. चिठ्ठीवर शब्द कुठं लिहायचा, पुस्तकाचं नाव, साल, पान आणि पूर्ण वाक्य कसं उतरवायचं हेही सांगितलं होतं. पुढं ज्या शब्दांना दाखले कमी पडत त्यांच्या याद्याही ते छापत. त्यांच्या सर्वांत उपयोगी वाचकांपैकी एक, डॉक्टर मायनर, वेड्यांच्या इस्पितळात बंद होता. तो आपल्या खोलीतल्या पुस्तकांतून शब्दांची सूची करून ठेवी आणि संपादकांना सध्या कुठल्या शब्दाची गरज आहे ते विचारून नेमके त्याच शब्दाचे दाखले पाठवी. भिंतीआड असलेल्या माणसाला काम दिसत होतं, याचं मला फार नवल वाटतं. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. मरे त्याआधीच, १९१५ मध्ये गेले. काम थांबलं नाही.

आपल्याकडं काय झालं? आपल्याला एकांडा शिलेदार आवडतो. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करीत, १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा केला. या माणसांपुढं मान झुकतेच. पण आपण गोष्ट सांगतो ती नेहमी एका माणसाची. ज्ञानकोश म्हटलं की केतकर, त्यांच्याबरोबर बसून लिहिणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील? मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशामागं आपलेच शास्त्री-पंडित होते, पण आपण 'मोल्सवर्थ बघ' एवढंच म्हणतो. काम म्हणजे महापुरुषाचं काम, असं एकदा मनात बसलं की अर्ध्या तासाचं काम हे काम वाटतच नाही. करणाऱ्याला वाटत नाही आणि करवून घेणाऱ्यालाही वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या कामात मुरलेल्या एका गृहस्थांशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, गुरुजी, आम्ही आहोत मूठभर, नोकऱ्या करून रात्री बसतो. दवंडी पिटायची तर तो वेळ कामातूनच जाणार. शिवाय दहा नवे येतात, त्यातले आठ अर्धवट करून जातात, ते निस्तरायला पुन्हा आम्हीच. खरं आहे त्यांचं. स्पर्धा आणि प्रमाणपत्रं लावून गर्दी जमवली तर आकडे फुगतील आणि घाण साफ करायला हीच माणसं जागत बसतील. माझा प्रमाणपत्रांवर विश्वास नाही. शाळेत पाहिलेलं आहे : पोरगं वही देतं ते तपासून मिळेल या आशेनं. आठ दिवस वही परत आली नाही की नवव्या दिवशी ते लिहीत नाही. नव्या माणसाच्या पहिल्या पानावर दोन दिवसांत कुणीतरी दोन ओळी लिहाव्यात, "छान झालंय, फक्त चौथ्या ओळीतला अनुस्वार राहिला." मूठभरांतल्या एकानं फक्त एवढंच करावं, स्वतः पानं तपासूच नयेत, असं माझं मत आहे. त्या गृहस्थांना ते पटलेलं नाही.

घाई का, तर त्याचं कारण वयाचं आहे. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले. त्याआधी शाळेत शिकलेले आम्ही 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'मुलानें' असे अनुस्वार देत वाढलो. विकिस्रोताचा नियम असा की छापलेलं जसं आहे तसंच ठेवायचं, आजच्या नियमानं सुधारायचं नाही. (माझ्यासारख्याचा हात शिवशिवतो, पण नियम योग्य आहे.) धूसर झालेल्या पानावर तो टिंब अनुस्वाराचा की शाईचा, हे माझ्या वयाच्या माणसाला वाचतानाच कळतं, कारण कान तसा तयार झालेला आहे. तिशीतल्या हुशार पोराला प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. आम्ही आणखी किती वर्षं? दहा, फार तर पंधरा. मोडीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत, दप्तरं पडलीत आणि वाचणारे मोजके. आणि आता यंत्रं मराठी शिकतायत ती जो मजकूर मिळेल त्यावर. त्यांना 'रवरे' वाचायला दिलं तर ती 'खरे' कुठून शिकणार?

तेव्हा मी इथं एक छोटी दवंडी सुरू केली आहे. वाचनालयाच्या फलकावर दर सोमवारी एका पानाचा मोठा छापील फोटो, खाली यंत्रानं वाचलेला मजकूर, आणि एक ओळ : यात किती चुका सापडतात? लोक उभे राहून पेन्सिलीनं खुणा करतात. वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस शब्दकोड्यासारखा त्यात अडकतो. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावरही तेच पान जातं. यशाचा फार मोठा आकडा नाही. अकरा जणांनी चुका शोधल्या, चौघांनी खातं उघडलं (खात्याशिवाय पानाचा रंग बदलता येत नाही), त्यातले दोघे गळाले. एक बाई मात्र, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, रोज दुपारी एक पान करतात आणि माझ्या प्रत्येक पिवळ्या पानात काहीतरी शोधून मगच हिरवं करतात. एक हायस्कूलचं पोरगंही येतं. फलकावर चूक आधी त्यानं शोधली की बाईंनी, यावरून त्यांची भांडणं चालतात.

सध्या माझी तेरा पानं पिवळी आहेत आणि बाई नातवाच्या बारशाला लातूरला गेल्यात. सोलापूरच्या आक्का, तुम्हीही १९६२ च्या आधीच्याच. सव्वीस ओळींचं पान, अर्धा तास. खातं कसं उघडायचं ते मी रविवारी दुपारी फोनवर सांगेन, चाळिशी जवळ ठेवा.